ज्वालामुखीची भिंत खचली तेव्हा

ज्वालामुखी म्हटला की शाळेच्या भूगोलातले चित्र आठवते. हल्ली मोबाईलवर खराच दिसतो. स्पेनच्या ला पाल्मा बेटावर १९ सप्टेंबर २०२१ रोजी जमीन फाटली आणि तब्बल ८५ दिवस आग ओकत राहिली. त्यातले ९ ऑक्टोबरचे चित्रण आम्ही घरच्या मुलांबरोबर पाहिले.

मुखाची उत्तरेकडची भिंत खचते. ही भिंत म्हणजे कातळ नव्हे. उडालेली राख नि खडी साचून तीन आठवड्यांत उभा राहिलेला ढीग. आतून तप्त रस रेटत असतो, मग ढीग एका अंगाने बसतो. तीन मजली इमारतीएवढे त्याचे तुकडे लाव्हावर तरंगत खाली येतात. मुलांनी टाळ्या पिटल्या. आम्हीही थक्क झालो, खोटे कशाला बोला?

पण भिंत खचली नि लाव्हाला नवी वाट सापडली. तोदोके गावाच्या उत्तरेची, तोवर वाचलेली घरे गेली. जवळची औद्योगिक वसाहतही सापडली. केळीच्या बागांवर बेटाचे पोट, त्याही गाडल्या गेल्या. सुमारे ७ हजार माणसांना घर सोडावे लागले. उद्रेक सुरू होताच तिथल्या पर्यटनमंत्री बाईंना त्यात पर्यटकांसाठी आकर्षण दिसले होते! ओरड झाली, मग सारवासारव.

मुलांना हे चित्रण दाखवाल तेव्हा टेम्पोत गाद्या भरणारी माणसेही दाखवा. तोदोकेच्या लोकांना सामान काढायला १५ मिनिटे मिळाली होती. तेवढ्यात आपण काय उचलले असते, हे घरात प्रत्येकाला विचारून पाहा.