भिंत कोणाच्या हिशेबात धरायची?

घरकुलाच्या भिंतीतून किती उष्णता आत येते, हा प्रश्न बैठकीत कोणी काढला की पालिकेच्या अभियंत्यापासून चळवळीत केस पिकलेल्या कार्यकर्त्यापर्यंत अनेकांच्या चेहऱ्यावर एकच समजूतदार हसू उमटते. आधी डोक्यावर छप्पर येऊ द्या, भिंतींच्या गारव्याचे चोचले मागाहून पाहू, असा त्या हसण्याचा अर्थ. उष्णतारोधक भिंत ही बंगलेवाल्यांची चैन आहे, गरिबाला चार भिंती मिळाल्या म्हणजे भरून पावले, ही समजूत केवळ बिल्डरांनी बाळगली असती तर नवल नव्हते. कष्टकऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही ती मुकाट्याने स्वीकारली आहे, म्हणूनच तिचा समाचार घेणे भाग आहे.

कारखान्यातल्या कामगाराच्या बाबतीत कायद्याने ही चैन मानली नव्हती. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे १३ वे कलम असे सांगत होते की भिंती व छप्पर अशा साहित्याचे आणि अशा रचनेचे असावे, की आतले तापमान शक्य तितके कमी राहील. हे कलम किती पाळले गेले हा निराळा विषय. साचाखात्यात आयुष्य काढलेल्यांना त्याचे उत्तर ठाऊक आहे. परंतु तत्त्व मान्य झाले होते. भिंत तापली की माणूस झिजतो आणि त्या झिजेला भिंतीचा मालक जबाबदार असतो. तोच कामगार पाळी संपवून घरी परतला, की हे तत्त्व उंबऱ्याबाहेरच राहते.

आणि ज्यांचे घर हाच कारखाना, त्यांचे काय? सोलापुरात हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. चैत्र-वैशाखात तेथे पारा चाळिशी ओलांडतो. पंखा जोरात सोडावा तर सुपातली तंबाखू उडते आणि भिजवलेले पान वाळते. पंखा बंद ठेवावा तर भिंतीची धग अंगावर येते. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने उजेड, वायुवीजन आणि तापमान यांच्या अटी घातल्या खऱ्या, पण त्या ‘औद्योगिक जागे’ला, आणि औद्योगिक जागेची व्याख्या करताना खासगी राहते घर नेमके वगळले. मालकाची जागा वाचली, भाडे वाचले, वीज वाचली आणि भिंतीची जबाबदारीही वाचली! हे दोन्ही कायदे २०२० च्या संहितेत सामावले गेले, ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागूही झाली. विडी वळणारीच्या पाठीमागची भिंत होती तशीच तापते आहे.

ती तापते याचे कारण गूढ नाही. सामूहिक घरकुलांसाठी हल्ली अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंत आणि स्लॅब एकदम ओतण्याची पद्धत रूढ झाली आहे. सहा इंची, काही ठिकाणी त्याहूनही पातळ अशी अखंड काँक्रीटची भिंत उभी राहते. गवंड्याची गरज उरत नाही, मजला आठवड्याभरात चढतो. परंतु काँक्रीट उष्णतेला फारसे अडवत नाही. सहा इंची काँक्रीटच्या भिंतीतून नऊ इंची विटांच्या भिंतीच्या जवळजवळ दुप्पट उष्णता आत येते. राखेपासून बनवलेल्या हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांची आठ इंची भिंत घेतली, तर ती विटांच्या भिंतीच्या निम्म्याहूनही कमी उष्णता आत सोडते. ही राख कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ येथील वीज केंद्रांतून निघते. शहरातले वातानुकूलन यंत्र चालावे म्हणून जो कोळसा जळतो, त्याची राख वीज केंद्राशेजारच्या गावकऱ्यांच्या छातीत जाते. तीच भिंतीत घालून गरिबाचे घर गार ठेवता येते, हे मात्र निविदा काढणाऱ्यांना सुचत नाही.

काँक्रीटचा दुसरा दोष अधिक क्रूर आहे. दुपारभर पश्चिमेचे ऊन पिऊन ते संध्याकाळी आत ओकू लागते. बाहेर वारा सुटलेला असतो आणि घरात मात्र भट्टी पेटलेली असते. बंगल्याचा मालक यंत्राचे बटण दाबतो. घरकुलातला माणूस चटई घेऊन गच्चीवर जातो. सातव्या मजल्याच्या इमारतीत गच्चीला कुलूप असेल, तर तेही नाही.

असे बांधतात कारण हिशेब दोघांचे वेगळे आहेत. भिंतीचा खर्च बांधणारा एकदाच करतो; उष्णतेचा खर्च राहणारा जन्मभर फेडतो, कधी वीजबिलात, कधी बुडालेल्या मजुरीत, कधी तान्ह्या मुलाच्या आजारपणात. त्यात एफएसआयची मेख आहे. भिंतीची जाडी एफएसआयमध्ये मोजली जाते, पण २०१६ च्या रेरा कायद्यानुसार बाहेरची भिंत चटईक्षेत्रात धरली जात नाही. म्हणजे भिंत जितकी पातळ, तितके विकण्याजोगे क्षेत्र जास्त. निविदेत सिमेंटची प्रत असते, सळईचा व्यास असतो, फरशीचा आकारही असतो. भिंतीने किती उष्णता अडवावी, याला मात्र रकाना मिळत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. जुन्या जाड भिंतींचे गोडवे गाणाऱ्यांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवावी लागेल. किल्लारी आणि आसपासच्या गावांत सुमारे आठ हजार माणसे मेली, ती दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीचे अवजड छत अंगावर कोसळून. त्यानंतर मराठवाड्यातल्या माणसाने काँक्रीटवर विश्वास टाकला असेल, तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. शिवाय पांढरीच्या मातीच्या त्या दोन हात रुंद भिंती होत्या कोणाच्या? पाटलाच्या, देशमुखाच्या वाड्याला. गावकुसाबाहेर तुराट्यांचे कूडच होते. तेव्हा वाड्याकडे परतण्याची हाक येथे कोणी देत नाही. काँक्रीटचा सांगाडा हवाच. त्याच्या उघड्या भिंतीवर बाहेरून उष्णतारोधक थर हवा, म्हणजे ऊन काँक्रीटपर्यंत पोहोचणारच नाही. खिडकीवर पुरेसा रुंद छज्जा हवा, भिंतीला बाहेरून पांढरा रंग हवा. जेथे विटाच वापरायच्या तेथे लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली पद्धत आहे: विटा उभ्या कडेवर रचून मध्ये पोकळी ठेवायची. पोकळीतली हवा उष्णता अडवते आणि सुमारे पाव हिस्सा विटाही वाचतात. यातले काय चैनीचे आहे?

सरकारकडे नियम नाहीत असे नाही. २०१८ साली केंद्राने ‘इको निवास संहिता’ काढली आणि घराच्या बाह्यांगातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा आकड्यात घातली. पण ती ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांपुरती, आणि राज्यांनी आपल्या नियमावलीत घेतली तर! २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्तीने निवासी इमारतींना हात घातला, तोही १०० किलोवॉट वीजजोडणीच्या मापाने. ग्रामीण आवास योजनेतले २५ चौरस मीटरचे स्वतंत्र घर या मोजपट्टीवर कोठेच उमटत नाही. हरित इमारतीचे मानपत्र काचेने मढवलेल्या कचेरीला मिळते.

थर लावतानाही डोळे उघडे ठेवले पाहिजेत. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ रोजी ७२ जण आगीत मेले. इमारत सुधारण्याच्या नावाखाली बाहेरून जळाऊ आवरण आणि जळाऊ फोम चढवला होता. रहिवाशांनी धोक्याचे इशारे दिले होते, ते कोणी ऐकले नाहीत. श्रीमंत भागातल्या गरीब भाडेकरूंची ती इमारत होती. म्हणून दगडी लोकर किंवा राखेचे ठोकळे यांसारखे न जळणारे साहित्यच मागितले पाहिजे, आणि कंत्राटदार त्याऐवजी थर्मोकोल आणून लावत नाही ना, हे रहिवाशांच्या समितीने स्वतः पाहिले पाहिजे.

घरकुलांच्या मोर्चात आजवर घर द्या, हप्ता कमी करा, पाणी द्या या मागण्या झाल्या. त्यांत भिंतीची मागणी जोडण्यास कोणाची हरकत नसावी. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या प्रत्येक घराला, मग ते कितीही लहान असो, उष्णतेची मर्यादा बंधनकारक करावी. तिचा वाढीव खर्च अनुदानात धरावा, लाभार्थ्याच्या हिश्शात नव्हे. आणि विडी, शिलाई, गोधडी असे घरी बसून काम करणाऱ्यांच्या घरासाठी मालकाकडून वर्गणी घ्यावी. त्याची तयारी येत्या मे महिन्यापासून करता येईल. साधा तापमापक फार महाग नसतो. शाखांनी वस्तीतली दहा घरे निवडावी, दुपारी तीनला आणि रात्री दहाला पश्चिमेच्या भिंतीलगत आणि बाहेर सावलीत पारा पाहावा, पंधरा दिवसांचे आकडे वहीत उतरवावे, आणि पुढची निविदा निघण्यापूर्वी ती वही अभियंत्याच्या टेबलावर ठेवून पोच घ्यावी.