समजूत घालणाऱ्यांनो, थांबा!

"घरचं भांडण घरातच मिटावं." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय आणि तितक्याच वेळा स्वतः उच्चारलंही असेल. आज त्याच्याविरुद्धच लिहायला बसलोय.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. जत्रेतल्या नाटकाच्या तालमीला येणारा एक मुलगा रात्री माझ्या दारात उभा राहिला. ओठ फुटलेला, पाठीवर पट्ट्याचे वळ. त्याला मुलगे आवडतात हे थोरल्या भावाला कळलं होतं. म्हणाला, "भाऊ, म्हाका घरा धाडूं नाकात." मी त्याला जेवू घातलं आणि सकाळी स्कूटरवर बसवून घरी सोडून आलो. वर वडिलांच्या पाया पडायला लावलं! घरच्यांनी माझे आभार मानले, चहा दिला. मोठं पुण्याचं काम केल्याच्या थाटात मी परतलो. पंधरा दिवसांत तो मुलगा गाव सोडून गेला. पुन्हा गाठ पडली नाही. त्या पंधरा दिवसांत काय झालं, हे विचारायला मी गेलो नाही. मारणारे घरचेच होते हे खरं, पण त्यांच्या हातात नेऊन देणारा मी होतो.

आणि हे कुठे, तर आमच्या गोव्यात! पेडण्यात रात्रभर दशावतारी काला बघायचा, लुगडं नेसून आलेल्या पुरुषाच्या चालीला दाद द्यायची आणि घरी आल्यावर आपलाच मुलगा 'बायकी' चालतो म्हणून हात उगारायचा. ही आमची रसिकता.

"अहो, कायदा आहे की!" असं कुणी म्हणेल. आहे ना. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा बाईसाठी आहे. बापाने, भावाने, अगदी आईने छळलं तरी मुलीला त्याचा आधार मिळतो. मुलीवर प्रेम करणाऱ्या मुलीलाही मिळतो, पण हे तिला सांगतो कोण? मुलग्याला तर तो लागूच नाही. त्याच्यासाठी मारहाण, डांबून ठेवणं, धमकी यांची नेहमीची कलमं. ती लावायची तर पोलीस ठाण्यात "का मारलं?" या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. ३७७ कलमाची टांगती तलवार २०१८ मध्ये दूर झाली, पण तो प्रश्न विचारणारी नजर बदललेली नाही.

मारणारा दरवेळी घरचाच असतो असंही नाही. जोडीदारही मारतो, आणि त्याच्या हाती एक जादा हत्यार असतं. "तुझ्या घरी सांगेन, ऑफिसात सांगेन." एवढ्या एका वाक्यावर माणूस वर्षानुवर्षं मुकाट मार खातो.

२०२० च्या मे महिन्यात केरळची एक तरुण विद्यार्थिनी गोव्यात मृतावस्थेत सापडली. घरच्यांनी आपल्याला 'बरं' करायला जबरदस्तीने उपचार करवले, असं तिने त्याआधी व्हिडिओत सांगितलं होतं. पुढे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार म्हणजे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या न्यायालयांना बजावलं, की अशा व्यक्तीची ओळख समुपदेशनाने बदलायला जाऊ नका, तिची स्वतःची इच्छा काय ते बघा. म्हणजे जी समजूत घालायला न्यायाधीशालाही मनाई आहे, ती आम्ही ओसरीवर बसून खुशाल घालतो!

"एक पैसा देणार नाही" ही आणखी एक लाडकी धमकी. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या आमच्या वारसा कायद्यात आईबापांच्या अर्ध्या मालमत्तेवर मुलांचा हक्क राखीव असतो. बापाच्या लहरीवर तो जात नाही. भाटाच्या वाटणीत हा कायदा सगळ्यांना तोंडपाठ असतो, फक्त अशा मुलांच्या बाबतीत विसर पडतो.

शेवटी आईबापच ना ते, असं म्हणाल. मान्य. समेट वाईट नाही, पण तो मार खाणाऱ्याने मागितला तर. आपण लादला तर ती मारणाऱ्याला मदत आहे.

मग करायचं काय? आधी त्याच्यावर विश्वास ठेवायचा. घरी फोन करायचा नाही. कुणाला काय सांगायचं ते त्याला किंवा तिला ठरवू द्यायचं. डॉक्टरकडे जखमांची नोंद करायला हवी असेल तर सोबत जायचं. आधार कार्ड, दाखले, पासबुक हाताशी आहे का ते विचारायचं. बाईसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे, तो सांगायचा. आणि चार दिवस निजायला जागा द्यायची. एवढं करायला समलिंगी असावं लागत नाही, शेजारी असलं तरी पुरतं.

त्या मुलाची माफी मागायला मी आज कुठे जाऊ? ते राहिलं ते राहिलंच. माझ्या घराची मागची खोली मात्र रिकामी आहे. वाचकहो, तुमची?