तारेवरचे लुगडे

चैत्र अर्धा सरला की आमच्या तात्यापाऱ्यातील गृहिणींचे डोळे दिवसातून दोनदा आकाशाकडे वळू लागतात. सकाळी वळतात ते वाळवणे घालण्यासाठी, आणि दुपारी तीननंतर वळतात ते त्याच वाळवणांच्या काळजीने. सकाळचे आकाश तापलेल्या तव्यासारखे कोरडे असते. तिसऱ्या प्रहरी मात्र वारा एकाएकी पडतो, अंगाची काहिली होते, आणि वायव्येच्या कडेला धुरकट तांबूस पट्टा दिसू लागतो. मग घराघरातून एकच हाक ऐकू येते, "अगं, गच्चीवरचे आधी आत घ्या!"

दूरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की तात्यापारा हा रायपूर शहरातील एक जुना मोहल्ला. 'पारा' म्हणजे इकडच्या बोलीत वस्ती. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी १७५८ मध्ये रतनपुरास येऊन राहिले, आणि त्या काळापासून या प्रांतात मराठी कुटुंबांचे येणेजाणे वाढले. पुढे १८१८ मध्ये कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास आले. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले. परंतु येथे रुजलेली घरे काही उठून गेली नाहीत. पिढ्या उलटल्या. आज आमच्या घरात बाजारातून येताना 'मुनगा' असतो आणि आमटीत पडताच त्याचा 'शेवगा' होतो. पंचांगाचीही तीच तऱ्हा. पौर्णिमा उलटली की शेजारणींचा वैशाख लागतो, आणि आमचा चैत्र अमावास्येपर्यंत चालतच राहतो. म्हणून वळवाचा पाऊस एकाच संध्याकाळी आमच्याकडे चैत्रात पडतो आणि भिंतीपलीकडे वैशाखात!

हा पाऊस येतो कसा, हे मुलांना समजावून सांगण्यासारखे आहे. या दिवसांत जमीन दुपारपर्यंत भाजून निघते. बंगालच्या उपसागरावरून येणारी ओलसर हवा खालच्या थरात शिरते, आणि तिच्यावर पश्चिमेकडची कोरडी हवा पसरलेली असते. तापलेली ओली हवा वेगाने वर चढते, थंड होते, आणि तासा-दोन तासांत ढगांचे उंच मनोरे उभे राहतात. मनोऱ्याच्या पोटात पाण्याचे थेंब गोठून गारा होतात. मग त्यातूनच गार हवेचा लोंढा खाली कोसळतो. पावसाच्या आधी जो धुळीचा झोत दारे आपटीत येतो, तो हाच. बंगालात याला कालबैसाखी म्हणतात, महाराष्ट्रात वळीव, तर आमच्याकडे नुसते 'अंधड' म्हटले तरी पुरते.

गेल्या वर्षीच्या चैत्रातील अशाच एका दुपारची गोष्ट आज सांगावयाची आहे.

घरात चैत्रगौर बसलेली होती. सासूबाईंनी सकाळी अंगण सारवून चैत्रांगण काढले होते. पाळण्यातील गौर, शंख, चक्र, कासव, नाग, हत्ती, तुळशीवृंदावन, सारे कसे नेटके, बोटांतून झरझर उतरलेले. हळदीकुंकवासाठी आंब्याची डाळ भिजत होती. आणि त्याच दिवशी, वर्षातून एकदा करतात त्याप्रमाणे, त्यांनी कपाटाच्या तळाचे गाठोडे सोडले होते. त्यात, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात गुंडाळलेले, त्यांच्या आईचे रेशीमकाठी नऊवारी लुगडे होते. त्यांच्या आई नागपुराहून लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी येथे आल्या तेव्हा ते नेसून आल्या होत्या. परत जाताना लेकीपाशी ठेवून गेल्या, आणि पुन्हा त्यांचे येणे झाले नाही. त्या लुगड्याला सासूबाई परसातील तारेवर, सावलीच्या बाजूला, हवा देत असत.

चारच्या सुमारास वारा पडला. मी गच्चीवरच्या कुरडया आत घेत होते. तेवढ्यात झोत आला, खिडक्या आपटल्या, आणि परसातून आमच्या आठ वर्षांच्या धाकटीचा आनंदाचा चीत्कार ऐकू आला. परसात एक जुना आंबा आहे. वादळ आले की त्याच्या कैऱ्या पडतात, आणि त्या वेचण्याची हौस आमच्या घरात पिढीजात आहे. मी स्वतःदेखील नवी नवरी असताना पदर खोचून त्या गारांत धावले आहे. धाकटी शेजारच्या मैत्रिणीसह ओचा भरून कैऱ्या गोळा करीत होती. दूर कोठे तरी ढग गडगडला.

मी जिना उतरून परसाच्या दारात आले तेव्हा माझ्या एका हाताला तार होती, त्यावर फडफडणारे लुगडे. दुसऱ्या हाताला आंबा, त्याखाली दोन मुली. लुगडे जवळ होते. खरे सांगते, क्षणभर पाऊल तिकडेच वळले. तेवढ्यात पाठीमागून सासूबाईंचा आवाज आला, "सूनबाई, आधी पोरी! ते राहू दे." मी आंब्याकडे धावले, दोघींचे दंड धरले आणि ओढीत घरात आणले. दार लावते न लावते तोच असा लखलखाट आणि असा कडकडाट झाला की देवघरातील घंटाही किणकिणली. मग गारा आल्या. आम्ही चौघी मधल्या खोलीत भिंतीपासून दूर बसून राहिलो. वीज आमच्या आंब्यावर पडली नाही. पण ती कोठे पडणार हे काही ती सांगून येत नाही.

पाऊस थांबल्यावर पाहिले, तर चैत्रांगण धुऊन गेले होते. दोडक्याचा मांडव आडवा झाला होता, लाल भाजीची चाळण झाली होती. आणि लुगडे तारेवरून सुटून लिंबाच्या काट्यांत अडकले होते, मध्यावर उभे-आडवे फाटलेले. माझ्या तोंडून शब्द निघेना. सासूबाईंनी ते काट्यांतून एकेक धागा सोडवीत काढले, घडी केली आणि म्हणाल्या, "लुगडे फाटले तर शिवता येते." एवढेच. पण रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा त्या दिव्याखाली ते मांडीवर घेऊन बसलेल्या दिसल्या. मी न बोलता परत फिरले.

भगिनींनो, या प्रसंगातून आमच्या घराने जो नियम केला, तो आपणही करावा अशी माझी विनंती आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात वीज पडून २,८८७ माणसे दगावली. झाडाखालचा आसरा हा तर आसराच नव्हे. कपडे वाळत घालण्याची धातूची तारही विजेच्या वेळी तितकीच वैरीण. म्हणून गडगडाट सुरू झाल्यावर तारेवरचे कपडे काढावयास धावू नये, मग ते कितीही मोलाचे असोत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत अंक मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर यावयास साधारण तीन सेकंद लागतात. तिसाच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून घरातच राहावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. नळाखाली अंघोळ वा भांडी घासणेही तेवढा वेळ थांबवावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे अ‍ॅप मोबाईलवर जवळपासच्या विजेची सूचना देते. ते घरातील एका तरी मोबाईलमध्ये असावे. कैऱ्या कोठे पळून जात नाहीत. अर्ध्या तासानंतरही त्या तेथेच असतात.

दुसऱ्या दिवसापासून डागडुजी सुरू झाली. गारपिटीनंतर बागेत लगेच शिरू नये, हा सासूबाईंचा दंडक. आमच्या परसातील माती काळी, इकडे तिला 'कन्हार' म्हणतात. ओली असताना तुडवली तर वाळल्यावर तिची वीट होते. म्हणून पहिल्या दिवशी फक्त साचलेले पाणी चर काढून वाट करून दिले. मग धारदार कात्रीने मोडलेले शेंडे मोडाच्या खाली स्वच्छ कापले. चिंबलेला भाग तसाच राहिला तर तेथून कुजण्यास सुरुवात होते. वाकलेल्या पण न तुटलेल्या वेलांना बांबूच्या कामट्यांचा आधार दिला. दुखावलेल्या झाडाला लगोलग खत देऊ नये. नवी पालवी दिसेपर्यंत धीर धरावा. वरची माती वाफशावर आली की खुरप्याने तिचा पापुद्रा फोडावा आणि वाळल्या पाल्याचे आच्छादन घालावे. लाल भाजीचे बी पुन्हा फेकले. ती तीन-चार आठवड्यांत पानात येते.

पडलेल्या कैऱ्यांचेही तसेच. मार लागलेली कैरी मुरांब्याला वा वर्षाच्या लोणच्याला घेऊ नये. ती टिकत नाही आणि सारी बरणी बिघडवते. तिचे त्याच दिवशी पन्हे करावे, कांदा-गूळ घालून तक्कू करावा, उरल्यास फोडी वाळवून आमचूर करावे.

कामट्यांना वेल बांधताना मी सुतळी घेतली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सुतळी देठाला कापते. थांब." आणि घरातून त्यांनी लुगड्याच्या अगदी चिंध्या झालेल्या भागाच्या पट्ट्या आणून दिल्या. त्या क्षणी मला कळले की रात्रभर त्यांनी काय विचार केला होता. त्या पट्ट्यांनी आम्ही आठाच्या आकड्यासारख्या सैल गाठी मारून दोडका पुन्हा उभा केला.

मग गोधडी निघाली. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. त्याचे चार तुकडे झाले. धड असलेले दोन काठाला काठ जोडून वरच्या अंगाला, फाटलेले दोन पोटात, आणि खाली माझे एक जुने सुती पातळ. इकडे गोधडीला 'कथरी' म्हणतात, बंगालात 'कांथा'. संस्कृतातील 'कन्था' या शब्दाचीच ही सारी नातवंडे. कापडे आधी धुऊन खळ काढावी, नाहीतर शिवल्यावर ती कमी-अधिक आटतात. जमिनीवर पसरून चारी कोपऱ्यांवर पाट ठेवावेत. मग मध्यापासून कडेकडे वीत-वीत अंतरावर लांब कच्चा दोरा घालावा, म्हणजे सुरकुत्या बाहेर निघतात. पक्का धावदोरा मात्र कडेपासून सुरू करून फेऱ्या घेत आत यावे.

थर एकावर एक ठेवण्यापूर्वी सासूबाईंनी एक गोष्ट केली. वरच्या कापडात जेथे जेथे लहान भोके पडली होती, तेथे ठिगळ लावून काजटाक्याने कड बसविली, आणि प्रत्येक ठिगळावर साखळी टाक्याने एकेक आकृती काढली. शंख, कासव, हत्ती, पाळण्यातील गौर. पावसाने धुऊन नेलेले चैत्रांगण त्या कापडावर उतरले. त्यांची नजर आता अधू झाली आहे. धाकटी रोज शाळेला जाण्यापूर्वी दहा सुयांत दोरा ओवून उशीला टोचून ठेवी, आणि ते दहा दोरे संपले की आजीचे त्या दिवसाचे काम संपे. "आजी, हा हत्ती की म्हैस?" असे ती विचारी, आणि आजी उत्तर देई, "तू दोरा नीट ओव, मग हत्ती होईल."

अक्षय्य तृतीयेला आमची चैत्रगौर उठते. त्याच दिवशी छत्तीसगढात 'अक्ती' असते. बाजारात मातीचे पुतरा-पुतरी येतात, आणि मुले त्यांचे लग्न लावतात. मांडव काय, हळद काय, वरात काय, सारे खऱ्यासारखे! शेतकरी याच दिवशी बियाण्याची पूजा करून नव्या वर्षाच्या शेतीला आरंभ करतात. त्या वर्षी शेजारच्या मैत्रिणीचा पुतरा आणि आमच्या धाकटीची पुतरी असा संबंध ठरला. नवरीला शालू हवा होता. सासूबाईंनी लुगड्याच्या काठाचा वीतभर उरलेला तुकडा काढला, त्याला बारीक टीप घातली आणि मातीच्या नवरीला नऊवारी नेसविली. भिंतीपलीकडच्या काकू म्हणाल्या, "बहू तो नागपुरवाली आई है!" सासूबाई हसल्या. वादळानंतर मी त्यांना तसे हसताना प्रथमच पाहिले.

गोधडी आषाढात पुरी झाली. ती आता धाकटीच्या अंथरुणावर असते. दोडक्याने त्या वर्षी उशिरा का होईना, फळ धरले. आणि वेल काढताना त्याच्या देठांशी त्या रेशीमकाठी पट्ट्या तशाच घट्ट होत्या.

आपल्याही कपाटाच्या तळाशी असे एखादे गाठोडे असेल. त्याला हवा अवश्य द्यावी. पण सकाळी द्यावी, आणि दुपारचे तीन वाजण्यापूर्वी आत घ्यावे. आणि एखाद्या दिवशी विसरलेच, तर तारेकडे पाहू नये. आधी मुले मोजावीत.