पेशीतला रोखपाल

वाणिज्य शाखेच्या मुलीने विज्ञानावर लेखणी उचलली की मैत्रिणी हसतात. "तू आपला ताळेबंद जुळव," म्हणतात. तरीही हे धाडस करते आहे, कारण कर्करोग काही शाखा विचारून घरात शिरत नाही.

माझे मामा सोलापूर सोडून सुरतेजवळ कोसाडला राहायला गेले, त्याला बरीच वर्षे झाली. यंत्रमागावरच्या रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून तंबाखू-चुन्याची चिमूट तोंडात धरायची त्यांना सवय लागली. गालाच्या आत चट्टा उठला, तो त्यांनी सात महिने कोणाला दाखवला नाही. निदान झाल्यावर आईबरोबर मी कोसाडला गेले, तर मामींनी त्यांचे ताट-तांब्या वेगळे ठेवलेले! शेजारणी म्हणत, "लागण होते." मामा म्हणत, "मागच्या जन्मीचे भोग." मला संताप आला, पण खरे काय ते मलाही सांगता येईना.

परत आल्यावर प्राणिशास्त्राच्या सरांना गाठले. त्यांनी सांगितलेले मला समजले ते माझ्या विषयाच्या भाषेत. जनुक म्हणजे मुख्य कचेरीच्या तिजोरीतला मूळ दस्तऐवज. त्याची नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए, हा जणू धनादेश. तो वटतो रायबोसोम नावाच्या खिडकीवर, आणि रोकड म्हणून मिळते प्रथिन. परंतु धनादेश लिहिला म्हणजे पैसे मिळाले असे होत नाही. खिडकीवर रोखपाल लागतो. पेशीत ते काम इआयएफ-४ई हे प्रथिन करते. वाढीशी संबंधित जनुकांच्या अनेक नकलांची सुरुवात लांब आणि गुंतागुंतीची असते. त्या वटवायला हा रोखपाल अधिक लागतो. एरवी दुसरे एक प्रथिन त्याचा हात धरून ठेवते. अन्न पुरेसे आहे, वाढीचा हुकूम आला आहे, अशी खात्री पटली की एमटॉर नावाचा अधिकारी तो हात सोडवतो.

कर्करोगात अनेकदा हाच हात कायमचा मोकळा सुटतो. धनादेश तेवढेच, पण वाढीच्या खात्यावरची उचल बेसुमार! कॅनडातील शास्त्रज्ञ नाहूम सोनेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने १९९० साली दाखवले, की उंदराच्या पेशींत हे एक प्रथिन प्रमाणाबाहेर वाढवले तरी त्या कर्कपेशींसारख्या वागू लागतात. तोंड-घशाच्या कर्करोगातही ते वाढलेले आढळते. सगळा दोष अर्थात एकट्या रोखपालाचा नाही. तंबाखू मूळ दस्तऐवजच खराब करते. पण एक गोष्ट स्पष्ट होते. हा हिशेबातला बिघाड आहे, पापाची शिक्षा नव्हे. आणि एका ताटात जेवल्याने तो दुसऱ्याच्या शरीरात जात नाही.

हे ज्ञान परक्यांचेच आहे असेही नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ साली आपल्याकडच्या सवयी आणि कर्करोग यांचा संबंध दाखवणारा निबंध प्रसिद्ध केला. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी कर्करोग संशोधनात आयुष्य घालवले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. तरी त्यांचे शास्त्र माझ्या मामींपर्यंत का पोहोचले नाही? माझ्या मते दोष मामींचा नाही, आम्हा शिकलेल्यांचा आहे. आम्ही ते परीक्षेपुरते पाठ करतो आणि घरी गप्प बसतो.

माझे वडील कन्नड भाषिक. त्यांना हे सारे मी कन्नडमधून सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडे पेशीला जीवकोश म्हणतात." कोश म्हणजे खजिनाही! माझी उपमा त्यांच्या भाषेत आधीच तयार होती. म्हणून माझी संपादक मंडळाला विनंती आहे, की या अंकाच्या मराठी आणि कन्नड दोन्ही विभागांत दरवर्षी विज्ञानावर एक तरी लेख असावा, आणि तो वाणिज्याच्या विद्यार्थ्याला घरी जाऊन सांगता येईल इतका सोपा असावा.

मामांची शस्त्रक्रिया झाली आहे, पण बोलणे अजून नीट उमटत नाही. दिवाळीत कोसाडला गेले तेव्हा मामींना रोखपालाची गोष्ट सांगितली. सगळी पटली असे नाही. पण रात्री मामांचे ताट आमच्या पंगतीत होते. ते सात महिने मात्र कोणत्याच खात्यावर परत जमा होणार नाहीत.

— द्वितीय वर्ष, वाणिज्य