पोटदुखी आणि गॅदरिंगची तालीम

डिसेंबर लागला की आमच्या बाह्यरुग्ण विभागात दोन प्रकारची मुलं हमखास येतात. पहिली घसा बसलेली, घोटा मुरगळलेली, चेहऱ्याला रंग लावून पुरळ उठलेली. ही गॅदरिंगची मुलं. ती चार दिवसांत बरी होतात आणि खरं सांगायचं तर त्यांना पाहून मला बरं वाटतं. दुसरी मुलं पोट दुखतं, डोकं दुखतं, छातीत धडधडतं, झोप लागत नाही म्हणून येतात. ती बहुतेक दहावी-बारावीची असतात आणि त्यांच्या केसपेपरवर औषध लिहिताना हात अडखळतो.

मागच्या हिवाळ्यात अशीच एक मुलगी आईबरोबर आली. बेंबीभोवती दीड महिना दुखत होतं. सोनोग्राफी झाली होती. रक्त, लघवी, शौचाच्या तपासण्या झाल्या होत्या. सगळं नॉर्मल. ताप नाही, वजन घटलेलं नाही, सारख्या उलट्या नाहीत, शौचातून रक्त नाही, दुखण्याने रात्री झोपेतून जाग येत नाही. (यातलं एक जरी लक्षण असेल, तर पुढचा मजकूर बाजूला ठेवून आधी नीट तपासणी करून घ्यावी.) आई वैतागून म्हणाली, "अभ्यास नको म्हणून नाटकं करते हो ही, डॉक्टरसाहेब." त्यावर इतका वेळ खाली मान घालून बसलेली मुलगी पहिल्यांदा बोलली, "नाटक तर तूच बंद केलंस."

तीन वर्षं ती शाळेच्या बालनाट्यात होती. या वर्षी दहावी म्हणून घरच्यांनी नाही म्हटलं, शाळेनेही आग्रह धरला नाही. दहावीचा वर्ग गॅदरिंगमध्ये नसतो, हा अनेक शाळांत न लिहिलेला नियम आहे.

आधी त्या दुखण्याबद्दल. अशा पोटदुखीला कार्यात्मक पोटदुखी म्हणतात. दुखणं खोटं आहे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. आतड्यांच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतःचं जाळं असतं आणि ते मेंदूशी सतत संपर्कात असतं. ताण वाढला की आतड्यांच्या एरवी न जाणवणाऱ्या हालचालीही मेंदूला वेदना म्हणून कळू लागतात. मूल खरोखर कळवळतं. त्याला 'नाटकं' म्हटलं की दुखणं वाढतं, कारण आता दुखण्याच्या जोडीला कुणाचा विश्वास नसणंही आलेलं असतं.

या वयाकडे डॉक्टरांनी थोडं अधिक काळजीने पाहावं, याला कारण आहे. मानसिक आजारांपैकी जवळपास एक तृतीयांश आजारांची सुरुवात वयाच्या १४ वर्षांपर्यंत झालेली असते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. परीक्षा हे त्यामागचं एकमेव कारण नाही आणि शाळेत नाटक बसवलं की आत्महत्या थांबतील, असं बोलणं तर बेजबाबदारपणाचं ठरेल. पण मुलाच्या आयुष्यातून मार्क सोडून बाकी सगळं काढून घेतलं, तर मार्क गेल्यावर त्याच्याकडे उरतं काय, हा प्रश्न मला ओपीडीत बसल्या बसल्या पडतो.

कला आणि आरोग्य या विषयावर जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध केला. त्यात ३ हजारांहून अधिक अभ्यास विचारात घेतले होते आणि आजार टाळण्यात, मुलांच्या वाढीत, उपचारांत कलांचा हातभार लागतो, असा त्याचा एकूण सूर होता. असे आढावे वाचताना मी थोडा हात राखून वाचतो, कारण त्यात चांगले आणि कच्चे अभ्यास एकत्र येतात. त्यापेक्षा एक जुना, नीट आखलेला प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. कॅनडातल्या टोरांटो परिसरात सहा वर्षांच्या १४४ मुलांचे चार गट केले. एका गटाला की-बोर्ड, दुसऱ्याला गाणं, तिसऱ्याला नाटक शिकवलं. चौथ्याला काहीच नाही. निष्कर्ष २००४ मध्ये आले. संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा किंचित जास्त वाढला होता. झालं! 'संगीत शिका, हुशार व्हा' अशी जाहिरात जगभर झाली, आपल्याकडच्या क्लासवाल्यांनीही केली. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात काटेकोर प्रयोगांपुरतं पाहिलं, तर हा बुद्धीचा फायदा जवळजवळ नाहीसा झाला.

पण मूळ प्रयोगातली दुसरी नोंद फारशी कुणी वाचलीच नाही. नाटक शिकलेल्या मुलांची बुद्धी काही वेगळी वाढली नव्हती. सुधारलं होतं ते त्यांचं इतरांशी वागणं, जुळवून घेणं. बाकीच्या गटांत तसं दिसलं नाही. गणिताचे मार्क वाढतील म्हणून मुलाला तबल्याला घालणाऱ्या पालकांना मी एवढंच सांगतो: तबला तबल्यासाठी शिकू द्या.

आणखी दोन अभ्यास इथे उपयोगी आहेत, दोन्ही २०१५ मधले. ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांना गटाने नाचायला लावलं. काही गट एका तालात, काही आपापल्या तालात. काही जोरात अंग हलवून, काही बसून नुसत्या हातांनी. आधी आणि नंतर त्यांची वेदना सहन करण्याची क्षमता मोजली, तीही आपल्या ओळखीच्या रक्तदाबाच्या पट्ट्याने. दंड आवळत जायचं, मूल 'पुरे' म्हणेल तिथे थांबायचं. एका तालात नाचलेल्यांची सहनशक्ती वाढली, जोरात नाचलेल्यांचीही वाढली आणि आपल्या गटाबद्दलची जवळीकही वाढली. लेझीम किंवा जाखडी खेळलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

दुसरा अभ्यास इंग्लंडमधल्या प्रौढांच्या वर्गांचा. काहीजण समूहगान शिकत होते, काही हस्तकला, काही लेखन. पहिल्या महिन्यात गाणाऱ्यांची गट्टी पटकन जमली, बाकीचे मागे होते. सात महिन्यांनी मोजलं तेव्हा तिन्ही वर्ग सारखेच जवळ आलेले होते. म्हणजे कला कोणती, यापेक्षा त्याच माणसांना पुन्हा पुन्हा भेटत राहणं जास्त कामाचं होतं.

आता आपल्या गॅदरिंगकडे पाहू. पूर्वी दिवाळीच्या सुट्टीनंतर तालमी सुरू व्हायच्या. एखादे बाई किंवा सर शाळा सुटल्यावर थांबायचे, कुणाच्या तरी घरून चहा यायचा. हल्ली बऱ्याच ठिकाणी दहा दिवस आधी बाहेरून नृत्यदिग्दर्शक येतो. सिनेमातलं तयार गाणं, तयार हालचाली. दिसायला बरी, पाठांतराला पटकन असलेली मुलं पुढच्या रांगेत. कपडे भाड्याने, त्याचे पैसे पालकांकडून. ज्यांना जमत नाहीत त्यांचं मूल 'मला नाचायचंच नाही' असं घरी सांगून मोकळं होतं. मग तीन मिनिटं स्टेजवर, आईवडिलांचे मोबाइल वर, आणि संपलं. कार्यक्रम देखणा होतो. पण ज्या गोष्टीमुळे मुलाला आरोग्याचा लाभ होतो ती तालीम यातून जवळजवळ गायब झाली आहे. भांडण आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच येणं, दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत थांबणं, चुकल्यावर सगळ्यांनी हसणं आणि आपणही हसणं, हे तीन मिनिटांत होत नाही.

आपल्याकडे याचं चांगलं उदाहरण नाही असं नाही. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. नाट्यगृहात 'आव्वाज कुणाचा' ही आरोळी एकदा ऐकलेला माणूस ती विसरत नाही. आम्हा डॉक्टरांना तर नाटकाचं विशेष कौतुक. कान-नाक-घशाचे शल्यविशारद डॉ. श्रीराम लागू, बालरोगतज्ज्ञ डॉ. जब्बार पटेल, मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे हे तिघेही पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे विद्यार्थी, सतीश आळेकर त्याच महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचं काम करत नाटकं लिहीत राहिले. ही नावं सांगितली की पालक म्हणतात, "हो, पण ते मुळातच हुशार होते." असतील. मी मात्र अशा स्पर्धांमधल्या ज्यांची नावं कुणाला माहीत नाहीत त्या पोरांचा विचार करतो: रात्री लाकडी फ्लॅट रंगवणारी, कुणाच्या तरी काकूची साडी मागून आणणारी, पार्श्वसंगीताचं बटण दाबणारी.

मी स्वतः कॉलेजात पडदा ओढायचो. आमची एकांकिका पहिल्याच फेरीत गारद झाली. त्या महिनाभरात माझ्या गटात एक मुलगा होता, तो बोलताना अडखळायचा. त्याला प्रकाशयोजनेवर बसवलं होतं. तालमीत रोज सगळे त्याला विचारायचे, "इथे काय करायचं रे?" आणि रोज त्याला उत्तर द्यावं लागायचं. तोतरेपणा गेला नाही. वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षेत तो बोलला मात्र, अडखळत का होईना. आधीच्या वर्षी तो परीक्षकांसमोर गप्पच राहिला होता.

स्पर्धा हव्यात की नकोत, हा वाद जुना आहे. २०२२ च्या अंतिम फेरीत परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला नाही. बरीच चर्चा झाली, दोन्ही बाजूंनी. मला विचाराल तर विशीतल्या मुलांना असा नकार पचवता येतो, किंबहुना तो पचवण्यासाठी त्यांच्या पाठीशी पंधरा जणांचा गट असतो. टीव्हीवर एकट्या उभ्या असलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला 'तू आता बाहेर' असं संगीत वाजवून सांगणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती मला डॉक्टर म्हणून अजिबात मान्य नाही. केरळमध्ये १९५७ पासून राज्यभरच्या शाळांचा कलोत्सव भरतो. तिथे 'कलाप्रतिभा', 'कलातिलकम' असे वैयक्तिक किताब दिले जायचे. त्यांवरून इतकी चढाओढ लागली की ते बंद करावे लागले. आता श्रेणी देतात. प्राथमिक शाळेत श्रेणीही नको, असं माझं मत. कॉलेजात हवा तर करंडक ठेवा.

मग दहावीचं काय? मुख्य भूमिका नको, हे मी समजू शकतो. पण आठवड्यातून तीन दिवस, शाळा सुटल्यावर एक तास, तोही पूर्वपरीक्षेच्या आधीपर्यंत, एवढ्याने कुणाची दहावी बुडत नाही. या वयाला ८ ते १० तास झोप लागते, त्यामुळे रात्री अकरापर्यंतच्या तालमी मात्र बंद. वर्गातल्या प्रत्येक मुलाला काहीतरी काम मिळालं पाहिजे, स्टेजवर किंवा मागे. ज्यांना नाचता येत नाही त्यांनाच गटाची गरज जास्त असते. हे सगळं करणाऱ्या शिक्षकाला वेळ आणि मान मिळाला पाहिजे. आम्ही आरोग्य तपासणीला ज्या शाळांत जातो तिथे कलाशिक्षकाच्या जागी अनेकदा हौशी गणिताच्या बाई असतात आणि त्या स्वतःच्या खिशातून कार्डशीट आणतात.

डॉक्टर आहे म्हणून दोन सूचना. वयात येताना मुलांचा आवाज फुटतो, तेव्हा उंच पट्टीत गायला लावू नका; वर्ष-दोन वर्षं त्यांना खालच्या पट्टीत, कोरसमध्ये ठेवा. दुसरी डीजेबद्दल. ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत चालेल असं धरतात आणि दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते; १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं उरतात. गॅदरिंगमध्ये सगळ्यात लहान मुलं सगळ्यात पुढे, म्हणजे स्पीकरच्या तोंडाशी बसवलेली असतात. त्यांना मागे घ्या, किंवा स्पीकर मागे घ्या.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. मी तिच्या आईला आणि शाळेला एक-एक चिठ्ठी लिहिली, पोटाच्या गोळ्या कमी केल्या आणि समुपदेशकाकडे पाठवलं. शाळेने तिला प्रॉम्प्टिंगला घेतलं. महिन्याने आली तेव्हा दुखणं बरंच कमी होतं, पूर्ण गेलं नव्हतं. नाटकामुळे कमी झालं, समुपदेशनामुळे की आईने 'नाटकं करते' म्हणणं सोडल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही.

त्यानंतर आमच्या किशोरवयीनांच्या मैत्री क्लिनिकमध्ये मी झोप, जेवण, पाळी या प्रश्नांखाली केसपेपरवर हाताने एक प्रश्न वाढवला: "शाळेत कशात भाग घेतोस?" उत्तरं लेझीम, ढोल, भजन, रांगोळी, दशावतारात सोंग अशी येतात. बरीच मुलं 'आधी घ्यायचो' असं म्हणतात आणि आईकडे बघतात.