इनऑरगॅनिकचा वर्ग वाचवा

रायगडातल्या बी.एस्सी. केमिस्ट्री झालेल्या मुलाला विचारा, पुढे काय? उत्तर ठरलेलं असतं: ऑरगॅनिक, नाहीतर अ‍ॅनालिटिकल. फार्मा कंपनीत लागायचं तर तेच हवं, असं सिनियर सांगतात आणि ते खोटंही नाही. पण या धावपळीत इनऑरगॅनिक मागे पडलं. त्यातलं औद्योगिक असेंद्रिय रसायनशास्त्र तर एखाद्या युनिटपुरतं उरलं. कॉन्टॅक्ट प्रोसेसची आकृती, हेबर प्रोसेसचं तापमान, चार समीकरणं. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायचं आणि पेपर झाला की विसरायचं. ज्या पट्ट्यात हा विषय रस्त्याच्या दुतर्फा उभा आहे, तिथेच तो वर्गातून उठून चालला आहे. त्याला थांबवलं पाहिजे.

दुतर्फा म्हणजे किती, ते पाहा. पेण तालुक्यात डोलवीला पोलाद बनतं. लोहखनिजातला ऑक्सिजन काढून लोखंड मोकळं करायचं, हे या विषयाचं सर्वांत जुनं प्रकरण. शेजारच्या अलिबाग तालुक्यात थळला आरसीएफ हवेतला नायट्रोजन पकडून अमोनिया करते आणि त्याचा युरिया शेतावर जातो. खाडीकाठच्या मिठागरात भरतीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात जात आटतं, तेव्हा आधी कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं, मग जिप्सम, मग मीठ. उरलेल्या कडू पाण्यात मॅग्नेशियम आणि ब्रोमीन राहतं. कोणत्या घट्टपणाला काय बसतं, हा विद्यापीठातला धडा आहे. मिठागरावर काम केलेल्या माणसाला त्यातलं बरंच अनुभवाने ठाऊक असतं, फक्त ते समीकरणात मांडायला त्याला कोणी शिकवलेलं नसतं. याच मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की कॉस्टिक सोडा, क्लोरीन आणि हायड्रोजन मिळतो. त्या तिघांवाचून रासायनिक उद्योगाचं पान हलत नाही.

पेणच्या गणपती कारखान्यांकडे तर प्रत्येक प्राध्यापकाने मुलं घेऊन जावं. पेण, हमरापूर, जोहे इथे मूर्तीसाठी जे प्लास्टर ऑफ पॅरिस येतं, ते म्हणजे दीडशे अंशांच्या आसपास तापवून तीन चतुर्थांश पाणी घालवलेलं जिप्सम. साच्यात पाण्याबरोबर कालवलं की ते गेलेलं पाणी परत घेतं, सुईसारखे स्फटिक एकमेकांत अडकतात आणि मूर्ती घट्ट होते. हात लावून पाहिलं तर घट्ट होताना ती गरम लागते. विसर्जनानंतरचं दुखणंही यातच आहे. लिटरभर पाण्यात जिप्सम जेमतेम दोन ग्रॅम विरघळतं, म्हणून मूर्ती महिनोन् महिने तशीच पडून राहते.

यावर तोड काढली ती पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात पीओपीची मूर्ती ठेवायची. बुडबुडे येऊ लागतात, तो कार्बन डायऑक्साइड. मधूनमधून ढवळत राहिलं की साधारण दोन दिवसांत मूर्ती विरते. तळाला पांढरा गाळ बसतो, तो कॅल्शियम कार्बोनेट. वर राहतं ते अमोनियम सल्फेटचं पाणी, म्हणजे खतच. पाणी घालून सौम्य केलं की झाडांना देता येतं. पुणे महापालिकेने हे घराघरांत पोचवलं. पीओपीच्या प्रश्नाने पेणच्या मूर्तिकारांची झोप उडाली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, मोर्चे निघाले, आणि त्यावरचा एक खरा उपाय निघाला तो प्रयोगशाळेतून. त्याच्या मुळाशी असलेली अदलाबदल बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी कागदावर मांडू शकतो. तो उपाय पेणच्या एखाद्या प्रयोगशाळेतून का निघू नये? साहित्य तिथे, प्रश्न तिथे, मुलंही तिथेच आहेत.

रोह्याचं दुखणं वेगळं आहे. धाटावच्या एमआयडीसीसाठी या भागातल्या जमिनी गेल्या. गेली कित्येक वर्षं ‘स्थानिकांना नोकऱ्या द्या’ ही मागणी इथे होते आणि ती रास्त आहे. पण कोणत्या नोकऱ्या? ड्रम उचलायला आणि गेटवर उभं राहायला स्थानिक लागतात. शिफ्ट इनचार्ज, प्रोसेस आणि सेफ्टीच्या खुर्च्यांवर बहुतेक बाहेरून आलेली माणसं बसतात. त्या खुर्च्यांचा रस्ता याच विषयातून जातो. धाटावला कारखाना असलेल्या सुदर्शन केमिकलने मार्च 2025 मध्ये जर्मनीचा दोनशे वर्षांहून जुना हॉयबाख समूह विकत घेतला. रंगद्रव्यांच्या जगातली एवढी मोठी घडामोड आपल्या गावाशी जोडलेली असताना गावातल्या मुलीला टायटॅनियम डायऑक्साइड कसा बनतो हे सांगता येऊ नये, याची मला खंत वाटते.

आणि रोह्याची कुंडलिका नदी. कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल नदीकाठची गावं वर्षानुवर्षं तक्रार करत आली आहेत. आम्ल चुन्याने मारायचं, जड धातू कोणत्या पीएचला खाली बसतात ते ओळखायचं, तुरटी किंवा फेरिक क्लोराइड किती टाकायचं, हे सगळं असेंद्रिय रसायनशास्त्र आहे. ते जाणणारी माणसं गावात असतील तर पाण्याचा नमुना घेऊन ग्रामसभेत आकड्यांनिशी बोलता येतं. नुसत्या संतापाला कारखानाही दाद देत नाही आणि सरकारी दप्तरही. क्लोरीन गळाला तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने आणि उंचावर जायचं, कारण तो हवेहून जड असतो, एवढं ज्ञानसुद्धा वेळेला जीव वाचवतं.

रोह्याला या विद्येचा वारसाही आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख मूळचे रोह्याचे. केंब्रिजला ते अर्थशास्त्र नव्हे, निसर्गविज्ञान शिकले. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय. 1917 साली त्यांनी पदवी घेतली आणि पुढच्या वर्षी आयसीएसला पहिले आले. त्यांच्या नावाने रोह्यात महाविद्यालय आहे, ते वाणिज्याचं. तालुक्यात रसायनशास्त्राचं शिक्षण पदव्युत्तर पातळीपर्यंत, तेही धाटावला लागून मिळावं, ही मागणी त्यांच्या नावाला शोभेल अशी आहे.

हे होण्यासाठी फार पैसा लागत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, म्हणजे ओजेटी, सक्तीचं झालं आहे. आज अनेक मुलं ते कुठूनतरी सर्टिफिकेट आणून उरकतात. कारखाने हाकेच्या अंतरावर असताना असं का व्हावं? धाटाव आणि डोलवीच्या व्यवस्थापनांना माझी विनंती आहे, दरवर्षी थोड्या मुलांना खरोखर आत घ्या. सेफ्टी शूज द्या, लॉगशीट भरायला द्या, कन्व्हर्टरचं तापमान एका बेडवरून दुसऱ्यावर का बदलतं ते दाखवा. निवृत्त झालेल्या प्लँटच्या माणसांनो, तुमच्याकडे तीस-तीस वर्षांचा अनुभव आहे. महिन्यातून एक तास जवळच्या कॉलेजात जा. प्राध्यापकांनी ओळख नाही म्हणून थांबू नये. आपणच फोन करावा.

मुंबई विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडेही मागणं आहे. विद्यार्थी कमी येतात म्हणून इनऑरगॅनिकचा पेपर कापू नका. त्यात बॅटरीचे पदार्थ, उत्प्रेरक, सांडपाणी आणा, आणि कोकणातल्या कारखान्यांची उदाहरणं घाला. विद्यार्थी कमी येतात कारण विषय जुना ठेवला गेला.

आणि तुम्ही, जे यंदा दिवा-रोहा मेमूने प्रवेशाच्या चौकशीला निघाल. फॉर्म भरताना इनऑरगॅनिक आहे का, असं खिडकीवर विचारा. नसेल तर का नाही, हे लेखी विचारा, आणि बरोबरच्या चार मैत्रिणींनाही सही करायला लावा. मागणीच नाही म्हणून वर्ग बंद होतात. ही मागणी या जूनमध्येच नोंदवा.