बारामतीहून आमच्या गच्चीपर्यंत

इंदापूरच्या एका भगिनीचे पत्र आठ दिवस माझ्या टेबलावर आहे. त्यांची मुलगी बारामतीला विमान चालवायला शिकते. त्या विचारतात, "ताई, एस.टी.ने ती दीडेक तासात घरी येते. विमानाने आमच्या गच्चीपर्यंत यायला किती वेळ लागेल? आणि खरं सांगा, तिला पाठवलं हे चुकलं तर नाही ना?"

पहिला प्रश्न सोपा, म्हणून आधी तो. मुलांच्या दप्तरातला नकाशा काढा नि शिवणाच्या डब्यातला दोरा घ्या. दोन्ही गावांवर दोरा ताणून धरा आणि मग तो नकाशाखालच्या प्रमाणपट्टीवर ठेवा. रस्त्याला वळणे असतात, दोऱ्याला नसतात. बारामतीच्या विमानतळापासून इंदापूर असे सरळ रेषेत सुमारे ४९ किलोमीटर भरते. रस्त्यानेही पन्नास-पंचावन्नच, म्हणजे अंतर फारसे वाचत नाही; वाचतो तो वेळ. शिकाऊंचे लहान विमान तासाला साधारण २०० किलोमीटर जाते. झाली पंधरा मिनिटे! वरण-भाताचा कुकर चढवून उतरवेपर्यंत लेक डोक्यावर.

पण वाऱ्याचाही हिशेब धरायला हवा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा. तो तासाला ४० किलोमीटर असला, तर इंदापूरकडे येताना बारा मिनिटे आणि परत जाताना अठरा! घरी येताना घाई, निघताना रेंगाळणे. पोरींचे असेच असते.

आता गंमत अशी, की इंदापूरला विमानतळच नाही. ती वरून जाईल, उतरणार नाही. शिवाय ही पंधरा मिनिटे फक्त आकाशातली. त्याआधी विमानाभोवती फिरून तपासणी, इंधन, तेल, यादी वाचून एकेक खूण, मग धावपट्टी. घाईची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे पाहून कंटाळाच येईल.

आणि इंदापूर म्हणजे तिच्या वाटेतले अगदी जवळचे गाव. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उड्डाण लागते. त्यात ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ५५६ किलोमीटरचा एक प्रवास, दोन परक्या विमानतळांवर उतरून, तिने स्वतः विमानाची प्रमुख म्हणून करायचा असतो. बारामती-इंदापूरच्या अकरापट!

दुसऱ्या प्रश्नाला मी टाळाटाळ करणार नाही. १९३६ साली सरला ठकराल साडी नेसून विमानात बसल्या आणि परवाना मिळवला, तेव्हा घरी चार वर्षांची मुलगी होती. आपल्या सौदामिनी देशमुखांनी १९८५ मध्ये केवळ स्त्रियांनी चालवलेले विमान कोलकात्याहून सिलचरला नेले. तेव्हा चुकलं नाही हो तुमचं. पण धोका नाही असे मी लिहिणार नाही. लिहिले तरी आईचा विश्वास बसायचा नाही.

तुमच्या हाती एक गोष्ट मात्र आहे. उड्डाणाच्या वेळी फोन करू नका, संध्याकाळी करा. "आज हवा खराब होती, उडाले नाही," असे ती म्हणाली, तर "एवढी फी भरलीय, दिवस फुकट गेला," हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका. एकदा ऐकले की पुढच्या वेळी ढग पाहूनही तिला तेच आठवेल. त्याऐवजी जेवलीस का, ते विचारा.